घड्याळाला रोजा कसा कळणार?

रमजानमधली दुपार. असरच्या नमाजेला अजून वेळ आहे, ओठ कोरडे पडलेत, आणि मनगटावरचे घड्याळ थरथरते : फार वेळ बसून आहात, थोडे चाला, पाणी प्या. रोजेदार हसतो आणि घड्याळ गप्प करतो. त्या बिचाऱ्याला रोजा कुठे ठाऊक!

आता या घड्याळाच्या जोडीला एआय सहायक आला आहे. पावले, हृदयाचे ठोके, झोप, व्यायाम ही माहिती एका ॲपमधून दुसरीकडे नेण्यासाठी 'एपीआय' नावाची सोय असते. बँकेतल्या खिडकीसारखीच ती. आत शिरता येत नाही. ओळख पटली की मागितले तेवढे बाहेर मिळते. आता एआय एजंट स्वतःच त्या खिडकीवर जाऊन नोंदी आणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून असे जोडकाम सोपे झाले. 'गेल्या आठवड्यात माझा व्यायाम कसा झाला?' असे साध्या मराठीत विचारले तरी उत्तर मिळते.

रमजानमध्ये मात्र या उत्तराची खरी परीक्षा होते. इस्लामी दिवस सूर्यास्ताला बदलतो. चाँद दिसला की त्याच रात्री तरावीह सुरू. फिटनेस ॲपचा दिवस मध्यरात्री बदलतो. शिवाय एपीआयमधल्या वेळा पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पावणेपाचला सहरीसाठी उठलेल्याची नोंद तिथे आदल्या तारखेला, रात्री सव्वाअकराची दिसते. तरावीहनंतर चार तास आणि फजरनंतर दोन तास अशी तुकड्यांतली झोप नीट जोडली नाही, तर एजंट म्हणणार, झोप चारच तास. इफ्तारनंतरची एकच फेरी फोनने आणि घड्याळाने वेगवेगळी मोजली, तर ती दुप्पट होणार. तरावीहमध्ये कुणी आठ रकात पढतो, कुणी वीस. पण हात बांधून उभ्या असलेल्या माणसाची पावले शून्यच.

हे हिशेबातले दोष आहेत, दुरुस्त होतात. मोठी अडचण वेगळी आहे. नोंदींमध्ये रोजाच नसतो. दिवसा हालचाल कमी आणि जागरण जास्त एवढेच एजंटाला दिसते, आणि तो सकाळी अकराला धावण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीने उपाशीपोटी तसे केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा नंतर पुरा करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. ती घ्यायची का, हे माणसाने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते. म्हणून एजंटाला पहिल्याच दिवशी सांगावे : रोजा आहे, सहरी इतक्या वाजता, इफ्तार इतक्या वाजता, अमुक आजार आहे. एकादशी, नवरात्र किंवा पर्युषणाचे उपवास करणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे.

दुसरी गोष्ट अमानतीची. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या ॲपने जगभरातल्या व्यायामाच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचेही नाव नव्हते. तरी जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले की धावणाऱ्या सैनिकांमुळे लष्करी तळ त्यात उघडे पडले आहेत. मग महिनाभर पहाटे चारला हलणारे मनगट आणि रोज रात्री मशिदीपर्यंत जाणारी वाट पाहून माणसाचा धर्म ओळखायला किती वेळ लागेल? घरातल्या बाईचा कोणत्या दिवशी रोजा नव्हता, हेही त्यावरून ताडता येईल. ही बाब तिची आणि तिच्या रबची.

म्हणूनच परवानगी देताना हात आखडता ठेवावा. व्यायामाचा आढावा हवा असेल तर व्यायामाच्याच नोंदी द्याव्यात. ठिकाण, झोप, मासिक पाळी यांच्या खुणा काढून टाकाव्यात. एजंटाला नोंदी वाचू द्याव्यात, बदलू देऊ नयेत. दिलेली संमती काढून घेणे, ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, हे तत्त्व भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही आहे.

चाँदरातीला घरोघरी हिशेब होतात : फितरा दिला का, दर्ज्याचे कपडे आले का, कुणाचे देणे राहिले का. त्याच रात्री पाच मिनिटे काढून फोनमधली जोडलेल्या ॲपची यादीही पाहावी, आणि ज्याचे काम संपले त्याची परवानगी काढून घ्यावी. मग निवांतपणे शिरखुर्म्याचे दूध आटवायला ठेवावे.