किती वाजता नव्हे, कुठल्या अंशावर

कारखान्यातला जुना फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगून टाकतो, "आतली रेस गेली, साहेब." पुष्कळदा ते खरं निघतं. आता त्याच जागी चुंबकाने चिकटवलेला व्हायब्रेशन सेन्सर असतो आणि ऐकण्याचं काम संगणक करतो. मोटर एकाच वेगाने फिरत असेल तर हे काम फारसं अवघड नाही. समजा, मोटरचा शाफ्ट मिनिटाला 1480 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 24.67. त्यावर 6205 नंबरचं बेअरिंग आहे, नऊ गोळ्यांचं. बाहेरच्या रेसवर टवका उडाला असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात त्यावरून 3.58 गोळ्या जातात. आतल्या रेसवर उडाला असेल तर 5.42. (दोहोंची बेरीज गोळ्यांच्या संख्येइतकी, नऊ येते आणि तो योगायोग नव्हे.) त्याला फेऱ्यांनी गुणलं की बाहेरच्या रेसचा ठोका सेकंदाला 88 वेळा, आतल्या रेसचा 134 वेळा. कंपनांच्या नोंदीवर एफएफटी, म्हणजे कुठल्या वारंवारतेचं कंपन किती ते वेगळं काढणारं गणित, चालवायची आणि आलेखात 88 हर्ट्झला काडी उभी आहे की 134 ला, ते बघायचं.

घोळ सुरू होतो तो वेग बदलायला लागला की. आणि यंत्रांच्या जगात वेग न बदलणारी यंत्रंच कमी. वाऱ्यागणिक फिरणारी पवनचक्की, चढावर धापा टाकणारा ट्रक, रोलिंग मिलमध्ये तापलेली पट्टी आत शिरताच दबणारी मोटर, सगळ्यांचीच तऱ्हा सारखी.

तीस दातांचा एक गिअर घ्या. दहा सेकंदांच्या नोंदीत त्याचा वेग मिनिटाला 1450 वरून 1510 फेऱ्यांवर गेला. जवळ उभ्या माणसाला हा फरक कळणारही नाही. दात दातावर बसण्याची वारंवारता मात्र तेवढ्यात 725 हर्ट्झवरून 755 वर सरकते. दहा सेकंदांच्या नोंदीवर एफएफटी दर 0.1 हर्ट्झला एक खण देते, म्हणजे जी काडी एका खणात उभी राहायची ती तीनशे खणांत पसरली. पसरल्याचं एकवेळ चालेल, पण खरी बातमी त्या काडीच्या शेजारी असते. एका दाताच्या मुळाशी तडा गेला की दर फेऱ्याला एकदा तो दात जरा जास्त वाकतो आणि मुख्य काडीच्या दोन्ही बाजूंना, एका फेऱ्याच्या वारंवारतेइतक्या अंतरावर, बारीक काड्या उगवतात. आपल्या उदाहरणात ते अंतर 25 हर्ट्झच्या आसपास आहे आणि मुख्य काडीचा ढीग 30 हर्ट्झ रुंद. तड्याची खूण त्या ढिगाखालीच गाडली गेली.

इथे चूक गिअरची नाही, एफएफटीचीही नाही. चूक मोजपट्टीची आहे. आपण कंपनांचे नमुने सेकंदाच्या समान तुकड्यांवर घेतले आणि गिअरला सेकंदाशी काही देणंघेणं नाही. मैफलीत तबलजी तीनताल धरतो तेव्हा खाली नवव्या मात्रेवर येते. लय विलंबित असो की द्रुत, खाली नवव्याच मात्रेवर. ती किती सेकंदांनी आली हे स्टॉपवॉच लावून मोजत बसणाऱ्याला तालातलं काहीच कळणार नाही. आवर्तनात मात्रा मोजणाऱ्याला मात्र लय वाढत असतानाही सगळं जागच्या जागी दिसतं. फिरत्या यंत्राचंही असंच आहे. सतरावा दात नेहमी शाफ्टच्या त्याच कोनात टेकतो.

म्हणून नमुने सेकंदाच्या नव्हे, शाफ्टच्या कोनाच्या समान तुकड्यांवर घ्यायचे. एका फेऱ्याचे समजा 1024 भाग करायचे आणि प्रत्येक भागावर त्या क्षणीचं कंपन नोंदायचं. मग एफएफटी चालवली की आडव्या अक्षावर हर्ट्झ येत नाहीत, 'ऑर्डर' येतात. ऑर्डर म्हणजे एका फेऱ्यात किती वेळा. तीस दातांचा गिअर तिसाव्या ऑर्डरवर, वेग काहीही असो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणून त्याची मुख्य ऑर्डर दुसरी. तीन सिलिंडरच्या गाडीची दीड. एका सिलिंडरच्या मोटरसायकलची अर्धी. पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा कुठल्याही वाहन कंपनीच्या आवाज-कंपन प्रयोगशाळेत गेलात तर अभियंते हीच भाषा बोलताना आढळतील.

कोनावर नमुने घ्यायचे कसे? जुनी पद्धत यंत्रसामग्रीची होती. शाफ्टवरच्या खुणेमुळे टॅकोमीटरला दर फेऱ्याला एक पल्स मिळते. एक सर्किट त्या पल्सच्या मधल्या काळाचे समान भाग करून त्या तालावर नमुने घेण्याचा हुकूम देई. सोबत वेगाबरोबर आपली मर्यादा हलवत राहणारा एक फिल्टर. पण पुढची पल्स कधी येणार हे सर्किटला आधी कसं कळावं? ते मागच्या फेऱ्यावरून अंदाज बांधे. इंजिन झपाट्याने चढत असेल तर हा अंदाज नेहमी एक पाऊल मागेच.

1989 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या रॉन पॉटर आणि माइक ग्रिब्लर यांनी मांडलेला उपाय इतका सरळ आहे की तो आधी का सुचला नाही असं वाटतं. सर्किट टाकून द्या. कंपनं नेहमीसारखी सेकंदाच्या तालावर, पण भरपूर वेगाने नोंदवा. टॅकोच्या पल्स वेगळ्या नोंदवा. मग सगळं हाती आल्यावर, निवांतपणे, शाफ्ट कुठल्या क्षणी कुठल्या कोनात होता ते गणिताने काढा आणि त्या त्या क्षणीचं कंपन दोन नमुन्यांच्या मधून ओढून घ्या. पुढच्या पल्सचा अंदाज बांधायची गरजच उरली नाही, कारण ती पल्सही हातात आहे. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या जोडगोळीने जुन्या पद्धती कालबाह्य ठरवल्या होत्या. जरा गर्विष्ठपणाच, पण खोटा नव्हता.

आकडे घालून बघू. तीन लागोपाठच्या पल्स आल्या: शून्य, 40 आणि 78 मिलिसेकंदांवर. पहिला फेरा 40 चा, दुसरा 38 चा. शाफ्ट वेग घेतोय. पहिला अर्धा फेरा कधी पुरा झाला? घाईत कोणीही म्हणेल, विसाव्या मिलिसेकंदाला. पण वेग वाढत असेल तर पहिल्या अर्ध्याला जास्त वेळ लागायला हवा. वेगवाढ या दोन फेऱ्यांपुरती एकसारखी आहे असं धरलं तर कोन आणि काळ यांचं नातं शाळेतल्या वर्गसमीकरणाचं होतं. त्यातले दोन अज्ञात गुणक तीन पल्समधून मिळतात आणि उत्तर येतं 20.27 मिलिसेकंद. फरक 0.27 चा. त्याला क्षुल्लक म्हणण्याआधी लक्षात घ्या, की तीस दातांच्या गिअरचा एक दात 1.33 मिलिसेकंदात जातो. म्हणजे आपण दाताच्या एक पंचमांश अंतराने चुकलो असतो.

1997 मध्ये फाइफ आणि मंक या संशोधकांनी ही पद्धत उलटसुलट तपासली. पल्सची वेळ किती अचूक पकडली आणि मधली किंमत कशी ओढली, या दोन गोष्टींवर सगळा निकाल ठरतो, असं त्यांना आढळलं. दोन नमुन्यांमध्ये सरळ रेघ ओढणं स्वस्त, पण त्यामुळे आलेखात नसलेली काडी उगवते. वळणदार स्प्लाइन वापरली तर बरंच निभावतं. आणखी एक पथ्य आहे. फेऱ्याचे 1024 भाग केले तर 512 च्या वरची ऑर्डर दिसू शकत नाही, पण ती गप्पही बसत नाही. खोट्या ऑर्डरचं सोंग घेऊन खाली उतरते. म्हणून कोनावर नमुने घेण्याआधी तिला गाळायलाच हवं. ही पायरी विसरलेले अहवाल दिसायला फार सुबक असतात.

या पद्धतीचा खरा कस हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये लागला. विमानाचं एक इंजिन गेलं तर दुसरं असतं. मुख्य गिअरबॉक्सला दुसरा नसतो. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलाचं वेसेक्स हेलिकॉप्टर मुख्य गिअरबॉक्सचा इनपुट पिनियन तुटल्याने कोसळलं. त्या गिअरबॉक्सच्या कंपनांच्या आधी घेतलेल्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये पीटर मॅकफॅडन यांनी त्या पुन्हा काढल्या. कोनावर घेतलेले शेकडो फेरे एकावर एक ठेवून सरासरी काढली, की शाफ्टशी बांधलेलं कंपन तसंच राहतं आणि बाकीचा गोंगाट विझत जातो. शंभर फेऱ्यांत तो दहाव्या हिश्शावर येतो. उरतं ते फक्त त्या एका गिअरचं चित्र, दात न् दात. मॅकफॅडन यांनी त्या चित्रात दातांच्या ठोक्याची नुसती तीव्रता पाहिली नाही, ठोका किती पुढेमागे पडतो तेही पाहिलं. तडा गेलेल्या जागी लय किंचित मागे पडत होती. खूण अपघाताआधीच्या नोंदीत होती. बघायची रीत तेव्हा नव्हती.

1986 च्या नोव्हेंबरात उत्तर समुद्रातल्या तेलक्षेत्रातून कामगारांना घेऊन परतणारं चिनूक हेलिकॉप्टर शेटलंडच्या सम्बर्गजवळ कोसळलं आणि 45 माणसं गेली. पुढच्या गिअरबॉक्समधला एक बेव्हल गिअर तुटल्याने दोन्ही पंख्यांचा मेळ सुटला आणि पाती एकमेकांवर आदळली. त्यानंतर हेलिकॉप्टरवर कायमची देखरेख यंत्रणा बसवण्याच्या मागणीने जोर धरला आणि 1991 पासून उत्तर समुद्रात 'हम्स' नावाने ती उडू लागली. शाफ्टच्या कोनावर घेतलेली सरासरी हा तिचा कणा आहे.

सरासरीचा एक लाभ मला सर्वांत देखणा वाटतो. बेअरिंगची ऑर्डर 3.58, म्हणजे पूर्णांक नाही. शिवाय गोळ्या थोड्या घसरतातही. त्यामुळे शंभर फेऱ्यांच्या सरासरीत बेअरिंग पुसलं जातं आणि गिअर राहतो. मग मूळ नोंदीतून ही सरासरी वजा करा: गिअर गेला, बेअरिंग राहिलं. एकाच नोंदीतून दोन रोगी वेगळे.

पण या मोजपट्टीलाही एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगायची राहून जाते. यंत्राच्या सांगाड्याची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. शाफ्ट कितीही फिरो, पोलादाची पट्टी आपल्याच हर्ट्झने झंकारते. तिला कोनावर मोजलं तर तीच पसरते आणि गिअर रेखीव होतो. म्हणून जाणता माणूस दोन्ही आलेख शेजारी मांडतो. 1924 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी टर्बाइनच्या चकत्यांसाठी काढलेली आकृती आजही चालते ती यामुळेच: आडवा अक्ष वेगाचा, उभा वारंवारतेचा, ऑर्डरच्या रेषा तिरक्या, नैसर्गिक वारंवारतेच्या जवळपास आडव्या. त्या जिथे छेदतात, त्या वेगावर यंत्र थांबू द्यायचं नाही.

आणि काही ठिकाणी कोन माहीत असूनही भागत नाही. 2016 च्या 29 एप्रिलला नॉर्वेत टुरॉयजवळ ईसी-225 हेलिकॉप्टरचा मुख्य पंखाच सुटून गेला, आतले तेराही जण दगावले. प्लॅनेट गिअर तुटला होता आणि हम्सने काहीच सांगितलं नव्हतं. प्लॅनेट गिअर स्वतःभोवती फिरतो आणि सन गिअरभोवतीही. सेन्सर मात्र बाहेरच्या कवचावर एका जागी. गिअर सेन्सरसमोर येतो तेवढाच काळ त्याचा आवाज नीट पोचतो. शिवाय तिथला तडा बराचसा पृष्ठभागाखालून वाढला होता.

टॅको नसेल तर कंपनांतूनच एखादी ठळक ऑर्डर पकडून वेग काढता येतो. गेल्या वीस वर्षांत यावर पुष्कळ काम झालं. चालतं, पण माझं मत विचाराल तर शाफ्टवर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवणं हा अजूनही जास्त भरवशाचा मार्ग आहे. पवनचक्कीत तो जनरेटरकडच्या वेगवान शाफ्टवर चिकटवायचा, कारण पात्यांकडचा शाफ्ट मिनिटाला जेमतेम वीस फेरे घेतो आणि इतक्या विरळ पल्समधून कोन नीट निघत नाही. वेगवान शाफ्टवरून संथ शाफ्टचा कोन मिळतो तो गिअरच्या गुणोत्तराने. इथे प्लेटवर छापलेला आकडा घ्यायचा नाही, दात मोजायचे. अमेरिकेच्या एनआरईएल या प्रयोगशाळेने तपासणीसाठी वापरलेल्या 750 किलोवॉटच्या गिअरबॉक्समध्ये रिंग गिअरला 99 दात, सन गिअरला 21. पुढच्या दोन टप्प्यांत 82 ला 23 आणि 88 ला 22. पहिला टप्पा प्लॅनेट गिअरचा, म्हणून त्याचं गुणोत्तर 99/21 अधिक एक. तिन्ही टप्प्यांचा गुणाकार 81.491 येतो. कुणी सोयीसाठी 81.5 लिहिलं, तर संथ शाफ्टच्या शंभर फेऱ्यांत कोन चार अंशांनी घसरतो. रिंग गिअरचा एक दात 3.64 अंशांचा आहे. म्हणजे शंभराव्या फेऱ्यापर्यंत सरासरी एका दाताहून जास्त सरकलेली असते आणि 99 दातांचं चित्र सपाट होतं.