कागदावरची सी

सी भाषेचा आढावा म्हटला की १९७२ सालची बेल लॅब्स, डेनिस रिची, १९७८चे कर्निघन-रिची यांचे पुस्तक आणि १९८९चे प्रमाणीकरण हे टप्पे येतात. ते जाणकार वाचकाला पाठ आहेत, म्हणून मी त्यांत रमत नाही. आमच्या झाडीपट्टीत सी आली ती नागपूरमार्गे, आणि ती यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने आणली.

या पुस्तकाला 'गाईड' म्हणून हिणवणारे प्राध्यापक मी पुष्कळ पाहिले. कर्निघन-रिची वाचा, असे ते मुलांना सांगत. ते पुस्तक थोरच आहे, पण प्रोग्रामिंगची थोडीफार ओळख असलेल्या वाचकासाठी ते लिहिले आहे, हे त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. देवरी-सालेकशाहून मराठी माध्यमातून आलेल्या, संगणक पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाने त्याचे काय करायचे? कानेटकरांची इंग्रजी बोलल्यासारखी होती. शंका मनात येते न येते तोच पुढच्या परिच्छेदात तिचे उत्तर सापडे. पंधराहून अधिक आवृत्त्या उगाच निघत नाहीत. माझ्या मते त्यांचे 'अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी' त्याहून मोलाचे आहे, पण ते वाचणारे कमी आणि शिकवणारे त्याहून कमी.

टर्बो सीबद्दल थोडक्यात. बोरलँडने १९८७ साली ती आणली, निळ्या पडद्यावर आमची एक अख्खी पिढी शिकली, आणि तिचे ऋण मी मानतो. डॉसच्या त्या जगात इंट दोन बाइटचा होता. सातचे फॅक्टोरियल ५०४० बरोबर येई. आठचे ४०३२० यायला हवे तिथे उणे २५२१६ येई, कारण दोन बाइटांत ३२७६७च्या पुढे जागाच नाही. हे उणे उत्तर पाहून मुले घाबरत, आणि मला तोच तास सगळ्यांत आवडे.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येतो, तो म्हणजे कागदावरचा ड्राय रन. फुलचूरला आम्ही शिकवत होतो तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की संगणक बंद, पण तास बंद होत नसे. मुले वही आडवी धरून रकाने आखत: ओळ क्रमांक, आय, जे, सम, पडद्यावर काय उमटले. लूपच्या प्रत्येक फेरीला एक नवी ओळ. पॉइंटर आला की प्रत्येक चलाला एक चौकोन, चौकोनाखाली ६५५२४ असा पत्ता, आणि दुसऱ्या चौकोनात तोच आकडा लिहायचा. बाण काढायला मी सुरुवातीला मनाई करत असे. बाण काढला की मुलाला समजल्यासारखे वाटते. पत्त्याचा आकडा हाताने लिहिला की पॉइंटर हाही एक चलच आहे आणि त्यालाही स्वतःचा पत्ता आहे, हे खरोखर कळते. दोन किमतींची अदलाबदल करणारे फंक्शन आधी नुसत्या किमती देऊन चालवायचे. मूळ चौकोन जसेच्या तसे राहतात. मग पत्ते देऊन चालवायचे. हा फरक ज्याने स्वतःच्या पेन्सिलीने खोडून-लिहून पाहिला, तो पुढे लिंक्ड लिस्टला अडखळला नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेलेली आमची मुले नोकरीत टिकली ती या रकान्यांच्या जोरावर, असे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

सीचा एक तास मराठीचाही असतो. आजच्या यंत्रावर 'फुलचूर' हा शब्द यूटीएफ-८मध्ये लिहा आणि त्याची लांबी एसटीआरलेनला विचारा. उत्तर १८ येते. डोळ्यांना अक्षरे दिसतात चार. उकार वेगळे मोजले की युनिकोडची चिन्हे होतात सहा, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आता हीच स्ट्रिंग बाइट-बाइट करून उलटी करायचा नेहमीचा प्रोग्राम चालवा. पडद्यावर कचरा येतो. यूटीएफ-८ची रचना १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली. थॉम्पसन हे युनिक्स घडवताना रिचींचे साथीदार होते. एवढी जवळची गोष्ट आमच्या एकाही पाठ्यक्रमात नाही याचे मला फार वाईट वाटते. 'कॅरॅक्टर म्हणजे एक बाइट' हे वाक्य मुले घोकतात आणि स्वतःच्या गावाचे नाव संगणकाला नीट मोजता येत नाही.

आजची अवस्था पाहून जीव तुटतो. वीज आहे, लॅपटॉप आहेत, जीसीसी फुकट मिळतो. तरीही डॉसबॉक्समध्ये टर्बो सी बसवून व्हॉइड मेन आणि क्लिअरस्क्रीन शिकवले जाते. गेट्स हे फंक्शन सी११च्या मानकातून काढून टाकले, कारण ते दहा जागांच्या ॲरेत पन्नास अक्षरे मुकाट ओतते. आमच्या जर्नलांत ते अजून नांदते आहे. व्हायवाला 'आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय'चे उत्तर विचारतात. मानकाने त्या पदावलीला कोणतेही ठराविक उत्तर दिलेले नाही, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक नसते. जो मुलगा तसे सांगतो त्याचे गुण जातात.

दुसऱ्या बाजूला 'सी मेली, पहिल्या दिवसापासून पायथन शिकवा' म्हणणारे आहेत. पायथन चांगलीच भाषा आहे, पण तिचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलेला आहे. गिट सीमध्ये आहे, एसक्यूलाइट सीमध्ये आहे. लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला, तो सीतल्या मेमरीच्या चुकांना कंटाळूनच. मी ते स्वागतार्ह मानतो. पण रस्टचा मालकी हक्काचा नियम कशासाठी आहे, हे मोकळ्या केलेल्या जागेचा पत्ता ज्याने कधी वहीत लिहिलेला नाही त्याला कसे समजवायचे? २०१४ सालचा हार्टब्लीड घ्या. समोरच्याने सांगितलेली लांबी ओपनएसएसएलने तपासली नाही आणि सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर गेला. ड्राय रनचे चार रकाने आखले की ही चूक बारावीच्या मुलालाही दाखवता येते. मी ती फळ्यावर दाखवली आहे.

तेव्हा माझी मागणी जुनीच आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पहिला अर्धा तास संगणक बंद ठेवा. मुलाला एक कोरा कागद आणि वीस ओळींचा अनोळखी प्रोग्राम द्या, त्यात निदान एक पॉइंटर असू द्या. रकाने भरून घ्या आणि निम्मे गुण त्यालाच द्या. मग संगणक सुरू करून तोच प्रोग्राम सगळे इशारे चालू ठेवून जीसीसीवर चालवायला सांगा. कागद आणि पडदा जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, एवढा एकच प्रश्न व्हायवात विचारा.