बोडीतली बोटुकली आणि बगळ्याची बदनामी

पवनी तालुक्यात पाण्याला तोटा नाही. शहराला लागून वैनगंगा वाहते, जुन्या किल्ल्याच्या तटाभोवती खंदक आहे, तालुक्यातच गोसीखुर्दचे अवाढव्य धरण आहे आणि गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांच्या जोडीला धानाच्या बांध्यांसाठी खोदलेल्या लहान-लहान बोड्या. अलीकडे काही अंगणांत सिमेंटची टाकीही दिसते. तिच्यात दोन कमळे, डासांवर उतारा म्हणून गप्पी आणि पोरांच्या हट्टापायी आणलेले रंगीत मासे. पाणी तिथे मासा आणि मासा तिथे बगळा, हे ओघानेच आले. पाण्यात सोडलेले मत्स्यबीज पंधरवड्यात दिसेनासे झाले की सगळे खापर या पांढऱ्या पाखराच्या माथी फुटते. पंचतंत्रापासून त्याची पत तशी वाईटच. खेकड्याने मान धरली ती अजून सुटलेली नाही.

मासे बगळा खातो, यात वाद नाही. वाद आहे तो कोणता बगळा, कोणते मासे आणि किती, यावर. त्याचा पत्ता नसताना केलेले उपाय बहुधा वाया जातात.

आधी ओळखपरेड. रोवणीच्या वेळी चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरमागे जी पांढरी रांग चालते, ती गाय बगळ्यांची. विणीच्या काळात त्यांच्या डोक्यामानेवर केशरी झाक येते. त्यांचे मुख्य खाणे नाकतोडे, किडे आणि बेडूक. माशांशी त्यांचा संबंध जवळपास नाहीच. बांधीत डोलत फिरणारा, चोच मिटली तरी मध्ये फट राहणारा उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी शंखातून ओढून काढून खातो; तीच त्या चोचीची करामत. बोडीच्या मधोमध बुडी मारून दूरवर डोके वर काढणारा काळा पक्षी पाणकावळा आहे. तो पोहून मासा पकडतो, त्यामुळे काठावरचा कोणताही बंदोबस्त त्याला लागू पडत नाही. वरून दगडासारखा सूर मारणारा खंड्याही तसाच.

उरतात ते खरे आरोपी. मातकट रंगाची ढोकरी, थोराड राखी बगळा, गवताळ काठाला दबून बसणारा जांभळा बगळा, पांढऱ्यांपैकी छोटा आणि मोठा बगळा, आणि अंधार पडल्यावर ‘क्वाक्’ करीत येणारा रातबगळा. अंगणातल्या टाकीवर आणि लहान बोडीवर यांतली सर्वांत नेमाने येणारी ढोकरी. बसलेली असताना ती चिखलात चिखल होऊन जाते. पाय पडायच्या बेताला आला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडून उडते आणि मगच कळते की ती कधीपासून तिथेच होती.

तिची शिकार जवळून पाहण्यासारखी असते. मान खांद्यात ओढलेली, पाय निम्मे पाण्यात, डोळे खाली. एक पाय उचलायला ती इतका वेळ घेते की पाण्यावर वलयही उठत नाही. बगळ्यांच्या मानेतला सहावा मणका जास्त लांब असतो, म्हणून मान इंग्रजी ‘एस’सारखी मुडपते आणि सुटते ती भाल्यासारखी. पाण्यात मासा दिसतो त्या जागी नसतो, प्रकाश वाकतो म्हणून. ही तफावत बगळे चोच मारताना सांभाळून घेतात, हे समुद्रकाठच्या बगळ्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. थोडक्यात, लोक ज्याला ढोंगी ध्यान म्हणतात ती पोट भरण्याची मेहनत आहे.

पण ही ढोकरी वजनाने जेमतेम पाव किलोची. ‘बगळ्यांनी किलो-किलोचे रोहू नेले’ ही तक्रार तिच्या गळ्याखाली उतरत नाही, अक्षरशः. ती घेते बोटाएवढे मासे, बेडकाची पिल्ले, खेकडे आणि पाणकिडे. राखी बगळा मोठा. तो दिवसाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम खातो. पण मासा अख्खा गिळायचा असल्याने त्यालाही मापाची मर्यादा आहेच. गिळता न येणाऱ्या माशावर कधी त्याने चोच मारून पाहिल्याची भोसकल्यासारखी खूण राहते. मासे अंगावर खूण नसताना पोट वर करून तरंगत असतील, तर गुन्हेगार वेगळा आहे. बहुतेक वेळा तो पाण्यातला कमी झालेला प्राणवायू असतो. ढगाळ, उकाड्याच्या रात्रीनंतर पहाटे प्राणवायू सर्वांत खाली जातो आणि मासे तोंड वर काढून हवा घ्यायला धडपडतात. असे आयते ताट दिसल्यावर बगळे जमणारच. सकाळी मालक येतो, त्याला मेलेले मासे आणि जमलेले बगळे एकदम दिसतात आणि पंचनामा तिथेच आटोपतो.

बीज गायब होण्याची कहाणी तर आणखी गुंतागुंतीची. चतुराच्या अळ्या, पाठीवर पोहणारे पाणकिडे, मोठे पाणढेकूण हे सगळे जिऱ्यावर आणि कोवळ्या मत्स्यबीजावर तुटून पडतात. मरळ असेल तर विचारूच नका. म्हणूनच मत्स्यसंवर्धनात बीज सोडण्याआधी पाण्यावर साबण आणि तेलाचे मिश्रण पसरून हवा घ्यायला वर येणारे किडे मारण्याची रीत आहे, आणि तरीही संगोपन तळ्यात बरीच मर धरूनच हिशेब करतात. बीजाची पिशवी आणली तशी पाण्यात ओतली, ती पंधरा-वीस मिनिटे बोडीत तरंगत ठेवून तापमान जुळवले नाही, तरी पिले दगावतात. गंमत अशी की बीज खाणारे हेच पाणकिडे ढोकरीच्या रोजच्या जेवणात असतात. या नुकसानीतला तिचा वाटा वजा-जमा करूनच मोजावा लागेल.

आता उपायांकडे. सर्वांत लाडका गैरसमज म्हणजे खोटा बगळा. प्लॅस्टिकचा किंवा प्लॅस्टरचा पुतळा काठावर उभा केला की ‘जागा भरलेली आहे’ असे समजून खरा निघून जातो, असे मानतात. इंग्लंडच्या बागांत हे पुतळे सर्रास दिसतात आणि आपल्याकडेही शोभेच्या दुकानांतून पोहोचले आहेत. वस्तुस्थिती उलटी आहे. चारा मुबलक असेल तिथे बगळे सोबतीने उतरतात. आटत्या तलावावर उन्हाळ्यात त्यांची जत्राच भरते. बदकांचे पाश्चात्त्य शिकारी तर पाण्याकाठी मुद्दाम खोटा बगळा उभा करतात, कारण तो दिसला की बदकांना जागा निर्धोक वाटते. पुतळा पहिले काही दिवस बुजवेल, तेही नवी वस्तू म्हणून. चमकत्या पट्ट्या, जुन्या सीड्या आणि बुजगावणे यांचीही तीच गत. जागा बदलत राहिले तर थोडा काळ उपयोग, एरवी चार दिवसांत बगळा त्यावरच बसलेला दिसतो.

दुसरा समज असा की बगळा आकाशातून थेट पाण्यात पडतो, म्हणून वरचे छत पुरे. बहुतेक वेळा तो काठावर किंवा उथळ जागी उतरतो आणि चालत पाण्याशी जातो. म्हणून लहान टाकीभोवती दोन पदरी दोरी बांधणे हा स्वस्त आणि बरा उपाय आहे. खालचा पदर वीतभर उंचीवर, म्हणजे ढोकरीच्या छातीला अडेल असा. वरचा राखी बगळ्यासाठी, आपल्या गुडघ्याच्या किंचित खाली. दोरी ताठ हवी. रातबगळ्यालाही ती अडवते, आणि पुतळ्याचा तर रात्री काही उपयोगच नसतो.

‘खोल खणले की झाले’ हाही अर्धाच खरा सल्ला. राखी बगळा फार तर गुडघाभर पाण्यात उतरतो, ढोकरी त्याहून बरीच उथळ जागा शोधते. पण बोडी मध्ये दोन पुरुष खोल असली आणि काठ ताटासारखा पसरट असला, तर बोटुकली त्या उबदार उथळ पट्टीतच येते आणि बगळाही तिथेच उभा असतो. सिमेंटच्या टाकीला सरळ उभ्या भिंती ठेवाव्यात, पाण्याची पातळी काठापासून थोडी खाली ठेवावी आणि तळाशी फुटके कवेलू, पाइपचे तुकडे किंवा मडकी आडवी टाकावीत. मासा लपला की बगळा कंटाळतो. बोडीत झाडांच्या फांद्या रोवल्या तर लपणही होते आणि रात्री जाळे टाकून मासे चोरणाऱ्यांचीही पंचाईत होते.

वनस्पतींबाबत मात्र दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कोणी म्हणतो सगळे उपटा, कोणी म्हणतो जलपर्णीने पाणी झाकले की मासे सुरक्षित. काठची बेशरम आणि दाट जलपर्णी बगळ्याला उभे राहायला मचाण देतात. वर जलपर्णी पाण्याचा प्राणवायूही घालवते. पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला आणि व्हॅलिसनेरियासारख्या वनस्पती मात्र बोटुकलीला खरा आसरा देतात. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव परिसरात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने मासेमार ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी मामा तलावांतली बेशरम काढली आणि अशाच स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. उद्देश बगळे हटवण्याचा नव्हता, मासे आणि तलाव सावरण्याचा होता. दोन्ही गोष्टी एकाच काठावर सुटतात, हे पवनीच्या बोडीवाल्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. जेसीबीने तलाव नुसताच खरवडून काढणाऱ्यांनी तर नक्कीच.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. बोड्यांत बीज पडते ते पावसाळ्यात, आणि त्याच महिन्यांत चिंचेवर-पिंपळावर बगळ्यांच्या वसाहतीत पिले ओरडत असतात. इकडे इंचभर बीज, तिकडे वाढत्या पिलांची भूक. यावर उपाय एकच चांगला: बीज थेट बोडीत न सोडता आधी लहान, जाळी लावलेल्या संगोपन तळ्यात वाढवायचे आणि आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली झाल्यावरच बोडीत हलवायचे. इतक्या मापाचा कटला-रोहू ढोकरीला तुलनेने जड जातो आणि पाणकिड्यांच्या तडाख्यातूनही सुटलेला असतो. खर्च थोडा वाढतो; पण दोनदा बीज आणण्यापेक्षा तो कमीच पडतो.

आणि जाळी? लावावी, पण तंगुसाची नको. तंगूस पाण्यावर दिसत नाही. सैल सोडलेल्या तंगुसात बगळे, खंड्या, धामण, दिवड सगळेच अडकतात आणि हाल होऊन मरतात. जाड धाग्याची, रंगीत, नजरेत भरणारी जाळी चौकटीवर ताणून, पाण्यापासून हातभर उंच बांधावी आणि कडा जमिनीशी पक्क्या कराव्यात.

विष घालणे, फासे लावणे, घरटी पाडणे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हे आहेत, मग बोडी स्वतःच्या सातबाऱ्यावर का असेना. शिवाय पाण्यात गेलेले कीटकनाशक बगळ्यापाशी थांबत नाही. तेच मासे नंतर घरच्या कालवणात येतात.

जाळीत बगळा अडकलाच, तर आधी त्याच्या डोक्यावर कापड टाकावे आणि चोच धरावी, कारण घाबरलेला बगळा थेट डोळ्यांचा वेध घेतो. मग पक्षी न ओढता जाळी कापावी. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.