कळ, ठणका आणि एक गोळी

दुखण्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत! कळ येते, ठणका लागतो, जखम ठसठसते, पाठीत चमक भरते. कवी म्हणून मला त्यांचं अप्रूप. पण श्रोतेहो, दवाखान्याच्या केसपेपरवर यातलं काहीच उतरत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आपाला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. ओटीपोटात ‘टीस उठती है’, ती सांगत होती. डॉक्टरांनी मान वर न करता गोळी लिहिली. ‘या वयात बायकांना व्हायचंच,’ म्हणाले. पुढे दोन वर्षं आपा त्या दुखण्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

अशा गप्प बसण्याची मोजदाद आपल्या शेजारच्या गडचिरोलीत झालेली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभर चर्चा झाली. शंभरातल्या ९२ जणींना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकीला ३.६ आजार! त्यांतले निम्मे जंतुसंसर्गाचे. तक्रार मात्र ५५ जणींनीच सांगितली, आणि आधी कधी तपासणी होऊन उपचार मिळाले होते ते फक्त आठ जणींना. त्या काळी सरकारदरबारी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. पोटात मूल नसलेल्या बाईची कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, हे विचारणार कोण? विचारलं नाही की बाई सांगत नाही. सांगत नाही म्हणून आजारच नाही, असा हिशेब.

‘दुखते’ एवढ्याने भागत नाही, हेही खरं. आमच्याकडची बाई ‘वाकून रोवणी होत नाही जी’ म्हणते, तेव्हा तिने दुखण्याचं मापच दिलेलं असतं. ते ऐकणारा कान हवा.

आपाला तो पुढे एका डॉक्टरीणबाईंकडे मिळाला. त्यांनी विचारलं, ‘कोणतं काम होत नाही?’ आपा थोडी थांबली. म्हणाली, ‘नमाजात माथा टेकायला वाकता येत नाही.’ बाईंनी पडदा ओढला, तपासलं, सोनोग्राफी करायला लावली. गर्भाशयात गाठ होती.