मावळ्यांना माती हवी

चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली आला की त्याच्या पाठोपाठ मावळ्यांचा डबाही उतरतो, असा मुंबईच्या उपनगरांतल्या कितीतरी मराठी घरांचा रिवाज. मुलुंड असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा अंधेरी, सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन आलेली मुले दप्तर कोपऱ्यात भिरकावतात आणि इमारतीच्या मागच्या बाजूला विटांचे तुकडे गोळा करायला धावतात. दिवाळीचा किल्ला करायचा असतो. तो गुडघ्याएवढा होवो की पुरुषभर, त्याला तट हवा, बुरूज हवेत, पायथ्याशी तळे हवे, एक गुहा हवी, गुहेत वाघ हवा आणि सर्वांत वर सिंहासनावर बसलेले महाराज हवेत. यातले एक जरी कमी पडले तरी शेजारच्या इमारतीतली मंडळी येऊन नाक मुरडणार, हे ठरलेले.

मोठ्यांच्या लेखी हा आठ-पंधरा दिवसांचा खेळ. तुळशीचे लग्न लागले की माती जागेवर आणि मावळे डब्यात. पण त्या डब्यात निरखून पाहण्याची सवय लागली की माणूस हळूहळू गुंतत जातो. मी तसाच गुंतलो. आज माझ्याकडे जुन्या मातीच्या मावळ्यांनी भरलेले तीन पत्र्याचे डबे आहेत. काही आमच्या घरचेच, काही घर बदलताना शेजाऱ्यांनी ‘तुम्हाला आवडतात ना, घेऊन जा’ म्हणून दिलेले, काही दिवाळी उलटल्यावर हातगाडीवर उरलेले. भालाईत आहेत, ढाल-तलवारवाले आहेत, तोफेला बत्ती देणारे, तुतारी फुंकणारे, घोडेस्वार आहेत. शिवाय लढाईशी सुतराम संबंध नसलेली प्रजाही आहे. जात्यावर बसलेली बाई, डोक्यावर दुडी घेतलेली गवळण, भाजीवाली, बैलजोडी घेतलेला शेतकरी, डफावर थाप मारणारा शाहीर. गडावर नुसते शिपाई नांदत नसतात, हे आमच्या कुंभारांना कुणी शिकवावे लागले नाही.

हा मावळा दोन भागांच्या साच्यातून निघतो. पुढची बाजू एका भागात, पाठ दुसऱ्या भागात. मळलेली माती दोन्हींत दाबायची, दोन्ही भाग एकमेकांवर बसवायचे, साचा उघडायचा आणि कडेने निघालेली मातीची रेघ ओल्या बोटाने पुसून टाकायची. घाईच्या दिवसांत ती पुसायची राहते. मावळ्याच्या कुशीवरून वर गेलेली ही शिवण दिसली की साच्याचे काम ओळखावे. त्यानंतर वाळवणे, कुठे कुठे भाजणे, मग पांढरा हात आणि त्यावर रंग. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते झटपट सुकते, साच्यातून अलगद सुटते, त्यामुळे बाजार त्याने भरून गेला. माती की प्लास्टर हे ओळखायचे तर मावळ्याचे पाय पाहावेत. बैठकीचा टवका बहुधा उडालेला असतोच. आत पांढरे दिसले तर प्लास्टर, तपकिरी किंवा तांबूस दिसले तर माती.

जुन्या मावळ्यांचे रंग मोजकेच. पांढरा अंगरखा, लाल किंवा भगवे मुंडासे, हिरवा शेला, काळी मिशी. रंगवणारा एका रंगाचा ब्रश हातात घेऊन आधी शेकड्याने मुंडाशी करून टाकतो, मग शेले, मग मिशा. एका साच्यातून निघालेले हे सारे भाऊ खरे तर एकसारखे दिसायला हवेत. तसे ते दिसत नाहीत, कारण डोळे हाताने काढलेले असतात. ठिपका केसभर इकडे सरकला तर मावळा रागीट होतो, तिकडे सरकला तर चकणा. माझ्याकडचा एक भालाईत असा काही बावरलेला आहे, की त्याची शेवटची कल्याण गाडी नुकतीच चुकली असावी.

नवे, बिनरंगाचे मावळे मिळाले तर मी स्वतः रंगवतो. कृती सोपी आहे, घरातली मुलेही करू शकतात. आधी सबंध अंगाला पांढरा हात द्यावा. तो वाळला की मुख्य रंग भरावेत. मग तपकिरी रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करून वरून सोडावा. तो आपणहून अंगरख्याच्या चुण्यांत आणि बोटांच्या फटींत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. शेवटी ब्रश फिकट रंगात बुडवून फडक्याला जवळजवळ कोरडा पुसावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. नाक, गुडघे, शेल्याची कड उजळून निघते. डोळ्यांची आखणी मात्र अगदी शेवटी, गणपतीच्या मूर्तीची करतात तशी, आणि तीही दिवसाच्या उजेडात.

जुन्या मावळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या इमारतीतली मुले मला दरवर्षी विचारतात. ‘काका, याचा रंग पार गेलाय, नवीन देऊ या ना!’ या बाबतीत जगात निरनिराळे मार्ग आहेत. इंग्लंडमध्ये न्यूअर्क या गावी १९७९ साली सिटाडेल नावाची कंपनी निघाली आणि राक्षस, बुटके, चेटके, सांगाड्यांचे शिपाई असे बोटभर उंचीचे धातूचे पुतळे ओतू लागली. त्यांच्या लढायांचा वॉरहॅमर हा खेळ १९८३ साली आला. त्या काळातले शिसेमिश्रित पुतळे आज पन्नाशीतले लोक शोधून शोधून मिळवतात, जुना रंग द्रावणात भिजवून काढतात आणि पुन्हा हौसेने रंगवतात. धातूला ते सोसते. आपल्या न भाजलेल्या मातीला पाण्याचा स्पर्शही सोसत नाही. भिजवाल तर मावळ्याचा चिखल होईल. शिवाय तो ओबडधोबड रंग कुणाच्या तरी हातचा असतो, आणि त्या हाताची दुसरी खूण आपल्यापाशी उरलेली नसते. म्हणून मी एक नियम केला आहे. तुटलेला भाला बांबूच्या काडीने जोडायचा, निखळलेला हात चिकटवायचा, पण जुन्या रंगावर नवा रंग चढवायचा नाही. मुलांना हा नियम फारसा पटत नाही, पण ती पाळतात.

या छंदात पुतळ्यांइतकीच महत्त्वाची असते ती त्यांच्या पायाखालची जमीन. प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले. त्या खेळात स्प्रिंगच्या तोफांतून लाकडी काड्या उडवून शिपाई पाडायचे असत, पण त्याआधी जमिनीवर घरे, टेकड्या, झाडी असा मुलूख मांडावा लागे. आजचे परदेशी हौशी लोकही फोम कापून डोंगर करतात आणि त्यावर वाळू चिकटवतात. आपल्याकडे मुलूख मांडायला खरी माती असते, आणि त्यामुळे आपल्या मुलांना एक गोष्ट फुकटात शिकायला मिळते.

ती गोष्ट म्हणजे सह्याद्री. पहिल्यांदा किल्ला करणारे मूल मातीचा टोकदार ढीग करते. त्यावर महाराजांचे सिंहासन टेकत नाही, घसरते. मग कुणीतरी जाणता सांगतो, ‘अरे, वरून सपाट कर.’ सह्याद्रीतले कितीतरी गड खरोखरच माथ्यावर सपाट आहेत, कारण हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो, पुन्हा कडा. विटांचे तुकडे आडव्या थरांनी रचले, पुढे चपटे दगड उभे लावले आणि चिखलात बुडवलेले गोणपाट वरून पांघरले, की हुबेहूब तसा डोंगर दिसू लागतो. राजगड करायचा म्हटले तर सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तीन माच्या तीन दिशांना पसरवाव्या लागतात आणि मध्ये बालेकिल्ला उभा करावा लागतो. रायगडाचा महादरवाजा करताना दोन बुरूज असे वळवून घ्यावे लागतात, की समोरून दार दिसतच नाही. ‘मग शत्रूला दार कसं सापडणार?’ असे एका आठ वर्षांच्या मुलीने विचारले आणि दुसऱ्याच क्षणी तिचे तिलाच उत्तर सापडले. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य तिने आधी वाचलेही असेल. हात चिखलात असताना ते तिला कळले.

गोणपाटावर मग अळीव, मोहरी पेरायची आणि पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. तीन-चार दिवसांत अळीव उगवतात आणि गड हिरवा होतो. त्यावर मावळे चढतात, आणि इथे प्रमाणाचा जो गोंधळ होतो तो मला फार प्रिय आहे. दरवाजापेक्षा पहारेकरी उंच असतो, देवळापेक्षा महाराज मोठे असतात, आणि खालच्या रस्त्यावर कुणाची तरी खेळण्यातली बेस्टची बस उभी असते. परदेशी हौशी माणूस हे पाहून कपाळावर हात मारील. पण ज्याचे महत्त्व जास्त त्याचा आकार मोठा, हा हिशेब आपल्या जुन्या शिल्पांत आणि चित्रांतही सापडतो. मुले तो न शिकताच पाळतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग असे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. जे किल्ले पोरांनी अंगणात इतक्या वेळा बांधले आणि मोडले, ते आता साऱ्या जगाचे झाले. अंगणातल्या किल्ल्यापुढे मात्र दुसराच पेच आहे. त्याला जागा उरलेली नाही.

उपनगरांतल्या तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उठत आहेत. लोकांना मोठी घरे मिळतात, लिफ्ट मिळते, म्हाताऱ्यांचे गुडघे वाचतात. याबद्दल तक्रार नाही. पण इमारतीभोवतीची माती जाते. खाली गाड्या, भोवती फरशी, वर पोडियम आणि पोडियमवर कुंड्या. मातीच नाही म्हटल्यावर बाजारातून तयार किल्ला येतो. तो लॉबीत ठेवला की दहा मिनिटांत दिवाळी साजरी होते. त्याची गुहा आधीच ठरलेली, वाट आधीच काढलेली. मुलांनी करण्यासारखे त्यात काही राहत नाही, आणि दोन मुलांनी भांडावे असेही काही राहत नाही.

आमची मुलुंडची इमारतही आता या वाटेवर आहे. नव्या इमारतीच्या नकाशावर चर्चा सुरू असताना कुणीतरी आपुलकीने सुचवले, की लॉबीत काचेचे कपाट करू, आत दिवा लावू आणि तुमचे सगळे जुने मावळे त्यात कायमचे मांडू. सूचना चांगल्या मनाने केलेली होती. माझ्या डब्यांची काळजी मिटली असती, धूळ नाही, पावसाळ्यातली दमट हवा नाही, तुटफूट नाही. तरी मी नको म्हटले. मावळा जपायचा तो पुढच्या दिवाळीला गडावर उभा राहावा म्हणून. वर्षातून एकदा त्याने चिखलात पाय रोवावेत, अळिवाच्या रानात दडावे, कधी फटाक्याच्या धक्क्याने आडवे व्हावे, आणि कुणा पोराने त्याला उचलून पुन्हा पहाऱ्याला लावावे. कपाटातला मावळा सुरक्षित राहील. पण त्याला गड नसेल, आणि मुलांना तो फक्त काचेबाहेरून दिसेल.

म्हणून मी सोसायटीकडे वेगळीच मागणी केली आहे. नव्या आवारात सहा फूट बाय चार फूट जागा फरशीविना सोडावी. हिरवळ नको, कारंजे नको, नुसती हातभर खोल माती. अकरा महिने तिथे तुळस, झेंडू काहीही लावा. दिवाळीत ती मुलांची. एका मोटारीला जेवढी जागा लागते, तिच्या निम्मीसुद्धा ही नाही. ज्या सोसायट्यांचे नकाशे अजून कागदावर आहेत, त्यांनी आत्ताच हे मागून घ्यावे. एकदा काँक्रीट पडले की मागून उपयोग नाही.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पार्किंगच्या खाली, सातव्या क्रमांकावर हा विषय आहे. सभेला मुलांनीही येऊन बसावे, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. किल्ला कसा करायचा आणि त्याला माती किती लागते, हे सभासदांना तीच नीट समजावून सांगतील.