वेब सर्व्हरची घडण : रूटची घोषणा

नोड डॉट जेएसवर चालणाऱ्या ‘हॅपी’ या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक रूट म्हणजे जावास्क्रिप्टचा एक साधा ऑब्जेक्ट असतो. त्यातल्या ‘मेथड’मध्ये गेट, पोस्ट यांसारखी विनंतीची पद्धत असते, ‘पाथ’मध्ये पत्ता, तर ‘हँडलर’मध्ये उत्तर तयार करणारे फंक्शन. बाकीचे सगळे नियम ‘ऑप्शन्स’ या चौथ्या कप्प्यात जातात. असा ऑब्जेक्ट, किंवा अशा ऑब्जेक्टांचा अ‍ॅरे, सर्व्हरच्या ‘रूट’ या मेथडला दिला की नोंदणी पूर्ण होते.

हॅपीचा आरंभ एरन हॅमर यांनी २०११ मध्ये वॉलमार्ट लॅब्समध्ये केला. सुरुवातीला ते एक्सप्रेस या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या पायावर उभे होते, पुढे तो आधार काढून टाकण्यात आला. एकाच सर्व्हरवर अनेक चमू काम करत असताना एकाच्या कोडचा दुसऱ्याला धक्का लागू नये, ही त्यामागची मोठी गरज होती.

ती गरज एक्सप्रेसशी तुलना केली की कळते. एक्सप्रेसमध्ये रूट ज्या क्रमाने लिहिले, त्याच क्रमाने तपासले जातात. ग्रंथालयाच्या सेवेत ‘/पुस्तके/:क्रमांक’ हा रूट आधी आणि ‘/पुस्तके/नवीन’ नंतर लिहिला, तर ‘नवीन’ हा शब्दच पुस्तकाचा क्रमांक समजला जातो आणि विनंती भलत्याच फंक्शनकडे जाते. दोन ओळींची अदलाबदल एवढाच हा दोष. पण त्या ओळी दोन वेगळ्या फायलींत असतील तर तो शोधताना दिवस जातो. हॅपीमध्ये लिहिण्याच्या क्रमाला महत्त्व नाही. बदलता भाग महिरपी कंसात लिहायचा, आणि ठरावीक शब्दाचा पत्ता बदलत्या भागाच्या पत्त्यापेक्षा नेहमी आधी जुळवला जातो. एकाच पद्धतीचे, एकाच पत्त्याचे दोन रूट नोंदवले तर त्या क्षणीच त्रुटी येते. पहिल्या ग्राहकाची वाट पाहावी लागत नाही. रूट ही फ्रेमवर्कला वाचता येणारी माहिती असल्यामुळेच हे शक्य होते. या पद्धतीचे खरे बळ इथे आहे, कोड कमी लिहावा लागण्यात नव्हे.

‘ऑप्शन्स’मध्ये हेच बळ आणखी वाढते. ‘ऑथ’मध्ये ओळख पटवण्याच्या पद्धतीचे नाव द्यायचे. ‘व्हॅलिडेट’मध्ये पत्त्यातले घटक, क्वेरी आणि पेलोड यांचे नियम येतात; ते सहसा ‘जॉय’ या लायब्ररीत लिहितात. क्रमांक ही एकापेक्षा लहान नसलेली पूर्णांक संख्या हवी, असे तिथे नोंदवले की चुकीच्या विनंतीला ४०० हा संकेतांक परत जातो आणि हँडलर चालतच नाही. ‘पेलोड’मध्ये आकाराची मर्यादा घालता येते, काहीच न लिहिल्यास ती १ एमबी असते. हे नियम ऑब्जेक्टमध्ये कोणत्याही क्रमाने मांडले तरी सर्व्हर आपल्या ठरलेल्या क्रमानेच चालतो: आधी ओळख, मग पेलोडचे वाचन, नंतर तपासणी आणि शेवटी हँडलर.

नोंदलेल्या सगळ्या रूटची यादी सर्व्हरच्या ‘टेबल’ या मेथडने मिळते. ‘हॅपी-स्वॅगर’ हा प्लगइन अशाच नोंदींवरून एपीआयचे दस्तऐवज तयार करतो, त्यामुळे तपासणीचे नियम आणि दस्तऐवज यांत तफावत पडण्याची शक्यता बरीच कमी होते.

फास्टिफाय या फ्रेमवर्कने हीच मांडणी उचलली, मात्र नियमांसाठी जेसन स्कीमा वापरला. उत्तराचा स्कीमा आधी दिला, तर त्यावरून त्या उत्तरापुरते खास सीरियलायझर फंक्शन तयार होते आणि उत्तर जेसनमध्ये बदलण्याचे काम वेगाने होते.

सगळेच मात्र ऑब्जेक्टमध्ये बसत नाही. क्रमांक पूर्णांक आहे का, हे घोषणेने ठरते; ते पुस्तक आज शिल्लक आहे का, हे डेटाबेसला विचारावे लागते. असे प्रश्न तपासणीच्या नियमांत कोंबले तर घोषणा वाचण्याजोगी राहत नाही. हॅपीत त्यांच्यासाठी हँडलरच्या आधी चालणाऱ्या फंक्शनांचा ‘प्री’ हा वेगळा कप्पा आहे, आणि त्यांचे निकाल हँडलरला विनंतीसोबतच मिळतात.