चार चाकं आणि पडद्यावरच्या पट्ट्या

मोटारीला आपण सर्रास ‘चारचाकी’ म्हणतो. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन नुसती सोबतीनं फिरतात. ज्यांना आपण ‘एसयूव्ही’ म्हणतो त्या उंच, दांडग्या गाड्यांतही पुष्कळ गाड्या अशाच असतात. काही मोजक्या गाड्यांत मात्र चारही चाकं ओढतात. त्यांतल्या काहींच्या डॅशबोर्डवर एक चित्र उमटतं. वरून पाहिलेली गाडी, तिची चार चाकं आणि चाकांपाशी कमीजास्त होणाऱ्या रंगीत पट्ट्या. कोणत्या चाकाला किती टॉर्क जातो आहे, ते हे चित्र दाखवतं. ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे समजून घेणं पावसाळ्यात तरी फार गरजेचं आहे.

मुंबईला चार ओढती चाकं नवी नाहीत. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर तिचे एक भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच कंपनीनं चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपमध्ये पडदा वगैरे काही नव्हतं. चिखल आला की ड्रायव्हर दांडा ओढायचा आणि पुढची चाकं मागच्यांशी घट्ट बांधली जायची.

चिखलात हे बंधन उत्तम. कोरड्या डांबरावर मात्र तेच नडतं. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्हींना एकाच गतीनं फिरायला लावलं तर यंत्रणेत पीळ साठतो आणि टायर घासले जातात. म्हणूनच अशा पद्धतीच्या गाड्यांत आजही कोरड्या रस्त्यावर चारही चाकं जोडू नयेत, असं सांगतात.

आता टॉर्क म्हणजे काय? पंक्चरवाला चाकाचा नट सोडवतो तेव्हा पाना लांब असला की कमी जोर पुरतो. बळ आणि लांबी यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क, म्हणजेच पिळण्याची ताकद. एक मीटर लांब आडव्या पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगलं, तर साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्क होतो.

पण इंजिनानं कितीही पीळ दिला तरी जमीन जेवढा धरून ठेवील तेवढाच कामाचा. डावं-उजवं चाक वळणावर वेगवेगळ्या गतीनं फिरावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतं. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण डावं चाक चिखलात घसरत असेल आणि ते १०० न्यूटन-मीटरच पेलू शकत असेल, तर टणक जमिनीवरच्या उजव्या चाकालाही १००च मिळतात. गाडी जागची हलत नाही, डावं चाक मात्र गरगर फिरत राहतं.

आजच्या पुष्कळ गाड्यांत यावर इलाज संगणक करतो. २०१४ साली आपल्याकडे आलेली चार ओढत्या चाकांची रेनो डस्टर याच जातीची. एरवी पुढचीच चाकं ओढतात. पुढची आणि मागची चाकं यांच्यामध्ये क्लचच्या चकत्यांचा गठ्ठा असतो. चाकांच्या गतीवर सेन्सर नजर ठेवतात. पुढचं चाक घसरू लागलं की क्षणार्धात चकत्या आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. शिवाय अनेक गाड्यांत गरगरणाऱ्या चाकाला हलकेच ब्रेक लावून ताकद जोडीच्या चाकाकडे वळवली जाते.

आता पडद्याकडे वळू. त्या पट्ट्या बघून वाटतं, प्रत्येक चाकाला मीटर बसवला आहे. सहसा तसं नसतं. इंजिन किती जोर लावतं आहे आणि क्लच किती आवळला आहे, यावरून संगणक अंदाज बांधतो आणि तोच अंदाज आपल्याला चित्रात दिसतो. पडदा ‘निम्मं पुढे, निम्मं मागे’ म्हणाला, तरी पुढची चाकं तेलकट फरशीवर असतील तर पुढे जवळपास काहीच कामी येत नाही. खरी वाटणी शेवटी जमीन करते.

यापेक्षा उपयोगी खूण त्याच डॅशबोर्डवर असते आणि आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. घसरत्या गाडीचं छोटं पिवळं चित्र. चालवताना ते लुकलुकलं, तर गाडी घसरू लागली आहे आणि यंत्रणा तिला सावरते आहे. याचा अर्थ एकच, वेग कमी करा. ते सतत पेटून राहिलं, तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. चार ओढती चाकं गाडी पुढे न्यायला मदत करतात, थांबवायला नाही. ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. माळशेज घाटात ओल्या उतारावर दोन्ही गाड्या टायरच्या पकडीवरच थांबणार. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी साधारण चौपट अंतर जाणार. हे गणित कोणत्याही पट्टीत दिसत नाही.

पाण्याचंही तसंच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडीला ढकलू शकतं, दोन फूट झालं तर बहुतेक मोठ्या गाड्यांनाही. गाडी तरंगू लागली की चाकाखाली जमीनच उरत नाही. मग टॉर्क चारांना द्या नाहीतर दोघांना, धरणार कोण?

म्हणून पडदा जरूर पाहावा, पण गाडी उभी असताना. चालवताना नजर काचेबाहेर असावी. पाण्याची खोली दिसत नसेल तर गाडी वळवावी आणि घरी फोन करून सांगावं, ‘उशीर होईल.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)